घोड्याची थंडी आणि मालकाची थंडी

दिवाळीच्या सुमारास अकलूज, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा आणि मार्गशीर्ष सरताना खंडोबाचं माळेगाव. महाराष्ट्रातले घोड्यांचे नावाजलेले बाजार असे ओळीनं थंडीतच येतात. परळी-अंबाजोगाईकडच्या लोकांना माळेगाव जवळचं. सारंगखेड्याला मात्र बीडहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला पडतो. तिथून परतेपर्यंत लग्नसराईची घाई सुरू होते. म्हणजे वर्षात ज्या दिवसांत जनावर सर्वांत देखणं दिसायला हवं, ते हेच. आणि याच दिवसांत त्याच्यावर सर्वांत जास्त चुकीचे उपचार होतात, तेही मायेपोटी. आपल्याला हुडहुडी भरली की घोड्यालाही भरली असणार, या एका समजुतीतून बाकीच्या बहुतेक चुका निघतात.

‘थंडीत घोड्याला झूल हवीच’

बीडमध्ये डिसेंबरात रात्रीचा पारा साधारण 10-12 अंशांवर येतो. पाटोद्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर आणखी थोडा खाली. दुपारी मात्र 28-30 अंश असतात. उबदार हवेत वाढलेल्या प्रौढ, निरोगी घोड्याला साधारण 5 ते 25 अंशांच्या पट्ट्यात शरीराची ऊब राखायला वेगळी मेहनत करावी लागत नाही. या आकड्यांशी आपलं हवामान ताडून पाहा. आपली रात्र त्याला सुखाची आहे आणि अडचण झालीच तर ती दुपारची आहे. पहाटे घातलेली जाड झूल बारा वाजेपर्यंत अंगावर राहिली की घोडा आतून घामेजतो, केस चिकटतात, कातडीला खाज सुटते. ज्या चकाकीसाठी झूल घातली, तीच जाते.

झूल कुणाला हवी? शिंगराला, म्हाताऱ्या किंवा हाडं दिसणाऱ्या जनावराला, नुकतेच केस उतरवलेल्याला, आणि भिजलेल्या अंगाने वाऱ्यात उभं राहावं लागणाऱ्याला. बाकीच्यांसाठी कोरडी जमीन आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा पुरतो.

झुलीइतकीच घातक सवय म्हणजे पागेची दारं-खिडक्या पोत्यांनी बंद करून आत शेकोटी पेटवणं. मुताचा अमोनिया, कडब्याची धूळ आणि धूर रात्रभर कोंडून राहतात आणि घोड्याच्या श्वासनळ्या सोलून काढतात. सकाळी तो खोकला की मालक म्हणतो, थंडी बाधली. मग पुढच्या रात्री आणखी एक पोतं लागतं. वारा थेट अंगावर येऊ नये, पण वरून हवा खेळती राहावी, इतकंच पागेचं शास्त्र आहे.

‘गूळ, बाजरी, सुंठ दिली की अंगात ऊब राहते’

गरम-थंडची ही वर्गवारी माणसांच्या स्वयंपाकघरातली. घोड्याची खरी शेगडी त्याच्या मोठ्या आतड्यात असते: तिथं चारा आंबतो आणि त्यातून तासन्‌तास ऊब सुटत राहते. दाणा लवकर पचतो आणि तितकी ऊब देत नाही. म्हणून गारठा वाढला तर चंदी न वाढवता आधी चारा वाढवावा. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो आणि त्यातला मोठा वाटा रात्रीसाठी ठेवावा. चंदी एका वेळी दोन किलोंच्या पुढे जाऊ नये. बाजारापूर्वी अंग भरावं म्हणून तोबरा एकदम दुप्पट करणाऱ्यांची घोडी पोटशुळानं लोळतात, नाहीतर खुराच्या आतल्या दाहानं, म्हणजे लॅमिनायटिसनं, पाय टेकवेनाशी होतात. चाऱ्यातला किंवा दाण्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून पोटात गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही.

बीड हा रब्बी ज्वारीचा मुलूख. थंडीत शेतं हिरवी असतात आणि कापलेलं कडवळ घोड्यापुढे टाकणं सोपं वाटतं. इथं जपायला हवं. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणानं खुरटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. घोड्याला हिरवी ज्वारी दीर्घकाळ मिळत राहिली तर मूत्राशय सुजतं, मागचे पाय लुळे पडू लागतात, आणि तसे पाय पुन्हा पूर्ववत होणं अवघड. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फार कमी. तो कुट्टी करून, धूळ झटकून द्यावा. बुरशी आलेला मका तर दारातही नको. त्यातल्या फ्युमोनिसिन या विषाला घोडा इतर जनावरांपेक्षा फार लवकर बळी पडतो, मेंदूच सडतो आणि त्यावर उपचार नाही.

काही ठिकाणी वरातीपूर्वी ‘थंडी मारायला’ घोडीला रम पाजतात. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची ऊब उलट बाहेर जाते. त्यात ढोलताशांच्या गर्दीत झिंगलेलं जनावर, पाठीवर नवरदेव. याला काळजी म्हणत नाहीत.

‘थंडीत पाणी कमीच लागतं’

कमी लागत नाही, कमी प्यायलं जातं. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, वाळलेल्या कडब्यात जेमतेम दहावा हिस्सा. चारा कोरडा झाला की पाण्याची गरज वाढते. दिवसाला 25-30 लिटर धरून चालावं. तेवढं पोटात गेलं नाही तर आतड्यात चारा घट्ट बसतो आणि शूळ उठतो. लीद कमी, कोरडी आणि लहान गोळ्यांची दिसू लागली की तीच पहिली सूचना. उपाय घरातच आहे: विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थंडीच्या सकाळी कोमट असतं, तेव्हा रात्रभर गारठलेल्या हौदातलं न देता ताजं उपसून द्यावं. सोबत मिठाचा खडा चाटायला ठेवावा.

घामाघूम घोड्याला पाणी दाखवू नये, हा आणखी एक जुना हट्ट. घोड्याचा घाम फार खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जात असल्यामुळे त्याला तहानेची जाणीव उशिरा होते. राबून आल्यावर लगेच थोडं थोडं पाणी पुढे केलं तर तो पितो. तासभर थांबवलं तर कदाचित पिणारच नाही. आधी पाणी आणि मग चंदी हा घोडदळाचा जुना क्रम आजही बरोबर ठरतो. बीड जिल्ह्याला घोडदळ परकं नाही. अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई, तेव्हा तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती.

‘शाम्पू आणि तेल चोळलं की चकाकी येते’

तेल चोळल्यावर धूळ चिकटते, एवढंच. रोजच्या शाम्पूनं कातडीचं स्वतःचं तेल धुऊन जातं आणि केस राठ होतात. आंघोळ घालायचीच तर भर दुपारी, उन्हात आणि अंग पूर्ण वाळेल अशा बेतानं. बाकी काम खराऱ्याचं. रोज अर्धा तास मनापासून केलेला खरारा मेलेले केस काढतो आणि कातडीचं तेल केसाच्या टोकापर्यंत नेतो. त्याला पर्याय बाटलीत मिळत नाही. पोटातून द्यायचं तर आपल्याकडचं जवसाचं तेल चांगलं. दोन चमच्यांपासून सुरुवात करावी. घोड्याला पित्ताशय नसतं, तरी हळूहळू वाढवलेलं तेल तो उत्तम पचवतो.

थंडीचे लांब केस मात्र गारठ्यापेक्षा दिवसाच्या लांबीनं ठरतात. बीडच्या अक्षांशावर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात 11 तासांवर येतो आणि घोड्याचं शरीर हा हिशेब ठेवतं. केस आखूड ठेवायचे असतील तर पागेत दिवा लावून उजेडाचे तास 16 करावेत. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका असावा. फरक दिसायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून दत्तजयंतीची तयारी गणपतीच्या दिवसांतच सुरू करावी. आठवडा उरला असताना यातलं काही होत नाही.

मिशा आणि नाकपुडीजवळचे राठ केस भादरण्याची हौसही सोडावी. अंधारात तोंडाजवळचं घोड्याला त्यानंच कळतं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं 1 जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत असे केस कापलेल्या घोड्यांना बंदी केली आहे. काटेरी लगामावर तर आपल्याकडे 1965 च्या नियमांनीच बंदी आहे. नाचाच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो, ही लाजेची गोष्ट.

‘नाक वाहतंय, थंडी लागली असेल’

या गैरसमजाची किंमत सर्वांत मोठी. पावसाळ्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माशांमुळे सर्रा पसरतो. ताप येतो-जातो, खाणं चालू असूनही घोडा वाळत जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. मालक गारठ्याला दोष देऊन गूळ वाढवतो. रक्ततपासणी वेळेत झाली तर सर्ऱ्यावर औषध आहे.

ग्लँडर्सवर मात्र नाही. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, त्या फुटून झालेले व्रण ही त्याची लक्षणं. तो माणसालाही होतो, त्याची लस नाही, आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. 2009 च्या कायद्यानं हा रोग कळवणं बंधनकारक आहे. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. बाजारात शेकडो घोडी एकाच हौदावर पाणी पितात, तेव्हा एक वाहतं नाक किती घरांत पोहोचेल याचा अंदाज करा.

म्हणून टेम्पो ठरवण्याआधी रक्त तपासून घ्या आणि पशुवैद्यकाचा दाखला सोबत ठेवा. प्रवासात मान उंच आवळून बांधू नका. डोकं खाली नेता आलं नाही तर श्वासनळीतली घाण फुप्फुसात उतरते, म्हणून दर तीन-चार तासांनी थांबून पाणी द्या आणि मान मोकळी सोडा. बादली आणि तोबरा घरचाच न्या. घोड्याला 38.5 अंशांच्या वर ताप असेल किंवा नाक वाहत असेल तर त्या वर्षी बाजार सोडा, जनावर वेगळं बांधा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा.