दूध पचतें कीं नाहीं, हें कसें मोजावें?

आमच्या सायखेड्यासारख्या गोदाकांठच्या गांवीं दूध म्हणजे पूर्णान्न, असें लहानपणापासून कानीं पडतें. तरीहि कित्येकांचें पोट पेलाभर दुधानें फुगतें व गुरगुरतें. आणि लोक त्यांस नाजूक म्हणून हिणवितात. हा दोष मनाचा कीं आंतड्याचा, याचा निर्णय मापानें करितां येतो.

दुधांतील शर्करा जशीच्या तशी रक्तांत शोषली जात नाहीं. लहान आंतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी सूक्ष्म लव असते. तेथील लॅक्टेज नांवाचें विकर, म्हणजेच एन्झाइम, या दुग्धशर्करेचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग करितें.

गिरणीची शक्ति तासाला किती पीठ पडतें त्यावरून ठरवावी, तसें विकराचें माप त्याच्या कामावरून घेतात. १९५७ सालीं क्रॉस्बी व कुग्लर यांनीं नळीच्या टोकाशीं बसविलेली, गिळण्याजोगी एक लहान डबी सिद्ध केली. ती आंतड्यांत पोहोंचल्यावर नळींतून हवा ओढतांच आंतील पातें फिरून अस्तराचा कण कापला जाई. आतां हें काम बहुधा दुर्बिणीच्या साह्यानें होतें. डालक्विस्ट यांनीं १९६४ सालीं मांडलेल्या रीतीप्रमाणें तो कण वाटून दुग्धशर्करेच्या द्रावणांत ३७ अंश उष्णतेवर एक तास ठेवितात, आणि किती ग्लुकोज मोकळें झालें तें मोजितात. एका मिनिटांत एक मायक्रोमोल शर्करा फोडण्याची शक्ति, तें एक एकक. कण लहानमोठा असला तरी फसगत होऊं नये, म्हणून हें माप त्यांतील प्रथिनाच्या दर ग्रॅममागें सांगतात.

कण न कापतांहि अंदाज घेतां येतो. न पचलेली शर्करा मोठ्या आंतड्यांत गेली कीं तेथील जंतु तिच्यापासून हायड्रोजन वायु निर्माण करितात. तो रक्तावाटे उच्छ्वासांत येतो व यंत्रानें मोजतां येतो.

माप कमी भरलें म्हणजे रोगच, असें मात्र नव्हे. संग्रहणींत अस्तर झिजून विकरें घटतात. मुंबईच्या देसाई, जीजीभॉय प्रभृति संशोधकांनीं संग्रहणीच्या रोग्यांतील या विकरांवर १९६७ सालीं निबंध प्रसिद्ध केला. परंतु निरोगी माणसांतहि बाल्य सरल्यावर लॅक्टेज उतरणें, हा जगांतील बहुसंख्य लोकांचा स्वभावधर्मच आहे. अशांना दूध थोडथोडें घेतल्यास सोसतें. दहीं तर बहुधा सुखानें पचतें, कारण विरजणांतील जंतु कांहीं शर्करा आधींच फोडून ठेवितात.

तेव्हां वाचकहो, शेजारचा मुलगा दुधाचा पेला दूर सारील, तर त्याला हंसूं नका; त्याच्यापुढें दह्याची वाटी ठेवा.