केकची भांडी सोड्यापासून जपा

परभणी जिल्ह्यात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी वापरले जाते, त्यांना भांड्यांवरील पांढऱ्या डागांची ओळख करून द्यायला नको. पाणी सुकले, की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतात. केकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर असा थर जमला, की हात हमखास धुण्याच्या सोड्याकडे वळतो आणि तिथेच भांडे बिघडते. अल्कली हा धातू खाते. पृष्ठभाग काळवंडतो, खडबडीत होतो आणि पुढचा केक तळाला अधिकच चिकटतो. चुलीच्या राखेचा गुणही तोच.

क्षारांवर उतारा आंबटाचा. लिंबाची फोड चोळून किंवा चिंचेचे पाणी दहा मिनिटे ठेवून भांडे लगेच धुवावे. रात्रभर मात्र ठेवू नये. आम्लही अ‍ॅल्युमिनियमला सोडत नाही. करपलेला थर गरम साबणपाण्यात भिजवला, तर मऊ घासणीने निघतो.

दिवाळीत नानकटाईसाठी वापरायच्या लोखंडी पत्र्यांना मात्र पाण्याचेच वावडे. ते ओल्या फडक्याने पुसून मंद आचेवर कोरडे करावेत आणि तेलाचा हात फिरवूनच ठेवावेत. दुमडलेल्या कडा विशेष पाहाव्यात. गंज बहुधा तिथूनच धरतो.