वॉटर्लूला न झालेलं वॉटर्लू

वर्षानुवर्षं अजिंक्य ठरलेला कुणी एकदाचा असा आपटला, की पुन्हा उठलाच नाही, तर इंग्रजीत म्हणतात, 'त्याला त्याचं वॉटर्लू भेटलं'. रोज हरणाऱ्याला हा वाक्प्रचार लागू नाही. त्यासाठी आधी नेपोलियनसारखं जिंकत आलेलं असावं लागतं!

पण नेपोलियनला कायमची आपटणारी १८ जून १८१५ची ती लढाई वॉटर्लूत झालीच नाही. बेल्जियममधल्या या गावापासून रणांगण चार-पाच किलोमीटर दक्षिणेला. गावात मुक्काम होता ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा. विजयाचा खलिता तिथून लंडनला गेला आणि नावही तेच चिकटलं. त्याचा साथीदार, प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर, याला रणांगणावरच्या एका सराईचं नाव हवं होतं: 'ला बेल अलियान्स', म्हणजे 'सुंदर युती'. दोन फौजांनी मिळून मिळवलेल्या विजयाला याहून शोभणारं नाव कुठलं? मला तर तेच आवडतं.

आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. चिखलात तोफा हलवणं कठीण, म्हणून नेपोलियन थांबला आणि अकरा वाजून गेल्यावर लढाईला तोंड फुटलं. तेवढा वेळ मिळाला आणि दुपार कलेपर्यंत ब्ल्यूशरची माणसं येऊन पोचली.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. हाच वेलिंग्टन २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. तो जिंकला, पण मराठ्यांच्या तोफांनी त्याची माणसं अक्षरशः कापून काढली. पुढे कुणीतरी विचारलं, तुमची सर्वांत सरस लढाई कोणती? त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. म्हणाला, असई. आपल्या गोलंदाजांना शत्रूकडून मिळालेली एवढी मोठी दाद शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवी.

पुन्हा वॉटर्लूकडे. लंडनमध्ये या नावाचं रेल्वे स्टेशन आहे. १९९४ ते २००७ या काळात पॅरिसहून येणारी गाडी नेमकी तिथेच थांबायची!

फ्रेंचांचा धूळधाणीचा शब्द वेगळा आहे, 'बेरेझिना'. १८१२च्या नोव्हेंबरात रशियातून माघार घेताना लागलेली ही नदी. नेपोलियन पलीकडे पोचला, पण हजारो माणसं अलीकडेच राहिली.

आणि आपलं पानिपत, १४ जानेवारी १७६१. वॉटर्लू हे नाव जिंकणाऱ्याने दिलं. पानिपत मात्र हरलेल्यांनीच आपल्या भाषेत जपलं. अडीचशेहून जास्त वर्षं उलटली, तरी गणिताचा पेपर अवघड गेलेलं पोर घरी येऊन आजही सांगतं, "आई, पानिपत झालं."