कोटींचे चित्रपट, क्विंटलचे प्रेक्षक

चित्रपट चांगला होता की वाईट, हा प्रश्न हल्ली फारसा कोणी विचारीत नाही. त्याने किती कोटी कमावले, एवढेच विचारले जाते. शुक्रवारी चित्रपट झळकतो आणि सोमवारी सकाळी त्याच्या तीन दिवसांच्या गल्ल्याचे आकडे बाजारभावाच्या तक्त्यासारखे छापून येतात. माझे विद्यार्थीही याच भाषेत बोलतात. अमुक चित्रपट ‘शंभर कोटी क्लब’मध्ये गेला म्हणजे तो श्रेष्ठ ठरला, त्यावर अपील नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने खरे म्हणजे या आकडेप्रेमाने हुरळून जावयास हवे. परंतु आकड्यांशी ज्याचा रोजचा संबंध, त्यालाच आकड्यांची लबाडी लवकर कळते.

गल्ला म्हणजे तिकिटाचा दर गुणिले प्रेक्षकांची संख्या. दर दुप्पट झाला आणि प्रेक्षक निम्मे झाले, तरी गल्ला तेवढाच राहतो. दर तिप्पट झाला तर निम्म्या प्रेक्षकांतही विक्रम होतो. एके काळी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजीत असत. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ साली आला आणि पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. पंचवीस आठवडे म्हणजे जवळजवळ सहा महिने माणसे तिकीटबारीपाशी येत राहिली, असा त्या शब्दाचा साधा अर्थ होता. कोंडक्यांच्या द्वयर्थी विनोदाविषयी प्रस्तुत लेखकास विशेष प्रेम नाही. पण त्यांच्या यशाच्या मोजमापात माणसे दिसत होती. आजच्या मोजमापात फक्त रुपये दिसतात.

हा हिशोब गोसीखुर्दच्या काठावरून मांडला, तर तो अधिकच बोलका होतो. आमचा मुलूख धानाचा. २०२५-२६ च्या खरिपासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, म्हणजे किलोला तेवीस रुपये एकोणसत्तर पैसे. नागपूरच्या एखाद्या बहुपडदा चित्रगृहात समजा अडीचशे रुपयांचे तिकीट घेतले, तर एका माणसाने साडेदहा किलो धान मोजले. चौघांच्या कुटुंबाने बेचाळीस किलो. त्यात जाण्यायेण्याचे भाडे, आत गेल्यावर पोरांनी मागितलेला मक्याच्या लाह्यांचा डबा आणि बाहेर आल्यावरचे जेवण मिळविले, म्हणजे क्विंटलचा कट्टा रिकामा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच आहे. मात्र शंभराच्या आतले तिकीट ज्या एकपडदा चित्रगृहांत मिळत असे, ती चित्रगृहेच तालुक्या-तालुक्यांतून बंद पडत गेली. सवलत आली तेव्हा सवलत घेणारा उठून गेला होता.

असो. क्विंटलभर धान मोजून जो प्रेक्षक आत बसतो, त्याला मत देण्याचा अधिकार आहे असे धरून चालतो, आणि गेल्या काही वर्षांत गाजलेल्या चित्रपटांविषयी माझे मत मोकळेपणाने सांगतो.

‘छावा’पासून आरंभ करावा लागेल. शिवाजी सावंत यांची कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे लक्ष्मण उतेकर यांनी केलेला हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला आणि देशातील त्याचा गल्ला सहाशे कोटींच्या घरात गेला, असे सांगतात. विकी कौशल याने मेहनत घेतली आहे, त्यात शंका नाही. परंतु संभाजीराजांच्या कारकीर्दीची नऊ वर्षे आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांतील यातना यांचे जे प्रमाण चित्रपटाने ठरविले, ते मला पटले नाही. १६८१ ची बुऱ्हाणपूरची लूट आहे. पण जंजिऱ्याचा वेढा, गोव्याची मोहीम, एकाच वेळी चार शत्रूंशी लढताना राज्याचा खजिना कसा सांभाळला, रयतेकडून काय घेतले व तिला काय दिले, ‘बुधभूषण’ लिहिणारा हा राजा दरबारात कसा वागत असेल, यांपैकी फारच थोडे हाती लागते. हाती लागते ती वेदना, आणि तीही इतक्या तपशिलाने की, प्रेक्षागृहातून बाहेर पडणारा मनुष्य राजाला समजून घेऊन नव्हे, तर संतापून बाहेर पडतो. चित्रपट लागून महिना उलटतो न उलटतो तोच, १७ मार्च २०२५ रोजी, नागपुरात दंगल उसळली आणि विधिमंडळातील चर्चेत या चित्रपटाचा उल्लेख झाला. दंगलीचे खापर चित्रपटावर फोडणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. दंगली करणाऱ्यांना कारणांची वाण कधीच पडत नाही. तरीही संताप हेच ज्याचे मुख्य उत्पादन, त्या उत्पादनाचा वापर पुढे कोण कसा करील यावर निर्मात्याचा ताबा राहत नाही, एवढे तरी मान्य करावयास हवे.

मराठीत हीच लाट आधीपासून होती. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ असे दिग्पाल लांजेकर यांचे चित्रपट २०१८ पासून एकामागून एक आले. ‘पावनखिंड’ पाहताना माझेही डोळे ओलावले, हे लपवीत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या चित्रपटाशी मावळा तोच, घोषणा तीच, कारस्थानी सरदार तोच असे वाटू लागले. सीमान्त उपयोगितेचा नियम इतिहासालाही चुकत नाही.

याउलट केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’विषयी माझे मत बदलले. जून २०२३ च्या अखेरीस तो आला. सहा बहिणींची मंगळागौर, तिच्यातली रुसवेफुगवे यांची माळ, थोडा उपदेश. मी अर्ध्या चित्रपटात दोनदा घड्याळ पाहिले. परंतु आमच्या भागातून बायका वर्गणी काढून, गाडी ठरवून नागपूरला गेल्या. त्यांतल्या कित्येकींनी अनेक वर्षांत चित्रगृहाची पायरी चढली नव्हती. घरातील कोणाचीही परवानगी न घेता स्वतःच्या करमणुकीवर पैसे खर्च करणारा ग्राहक बाजारात उभा राहिला, ही घटना चित्रपटापेक्षा मोठी होती. मला कंटाळा आला, याला या हिशोबात फारसे महत्त्व नाही. पुढच्या वर्षी आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘नाच गं घुमा’ने घरकाम करणारी बाई आणि नोकरी करणारी मालकीण यांचे परस्परावलंबन विनोदातून मांडले. कोणाच्या श्रमावर कोणाची नोकरी उभी आहे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात चार पाने घेतो. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांनी तो एका स्वयंपाकघरात सोडविला. शेवट गोड करण्याचा मोह मात्र आवरला नाही.

आमच्या तरुण मुलांचा खरा नायक कोण, असे विचाराल तर तो मराठी नव्हे, तो ‘पुष्पा’. डिसेंबर २०२१ मधला पहिला भाग मी मुलांच्या आग्रहावरून पाहिला, आणि नाके मुरडण्याच्या तयारीने गेलेलो असताना चकित झालो. हा मजूर मजुरी वाढवून मागत नाही, तर भागीदारी मागतो. आपल्या श्रमाशिवाय मालकाचा धंदा चालणार नाही, हे त्याला कळले आहे. चंदनतस्करीचे समर्थन कोण करील? पण हेक्टरभर जमीन गेल्यावर ठेकेदाराकडे रोजाने जाणाऱ्या मुलाला त्यात काय दिसत असेल, हे ओळखण्यासाठी मानसशास्त्राची गरज नाही. २०२४ च्या डिसेंबरातील दुसऱ्या भागात हा मजूर हरवला आणि नुसता मिशीवाला पराक्रमी पुरुष उरला. ‘जवान’मध्ये शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरकर्जाचा प्रसंग आहे, तोही असाच. प्रश्न अगदी खरा, उत्तर जादूचे. नायकाने धाक दाखविला आणि काही तासांत कर्जे फिटली! २००८, २०१७ आणि २०१९ या तीन कर्जमाफ्या पाहिलेल्या विदर्भात या प्रसंगी टाळ्या पडतात, यावर हसावे की काय करावे, हे मला ठरविता आले नाही.

नागराज मंजुळे यांच्याविषयी मात्र हातचे राखून बोलण्याचे कारण नाही. ‘सैराट’ म्हटले की लोकांना गाणी आठवतात आणि शेवट आठवतो. मला हैदराबादचा भाग आठवतो. पाटलाची पोर बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, पोरगा डोसे करतो, आणि प्रेम भाड्याच्या खोलीत हळूहळू संसार होते. स्थलांतराचा इतका खरा तपशील हमखास चालणाऱ्या मराठी चित्रपटात क्वचित पाहावयास मिळतो. त्यांचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. तो हिंदी होता, पण त्यातली पोरे नागपूरची होती आणि नागपुरीच बोलत होती. लांबला आहे, अमिताभ बच्चन यांचे न्यायालयातले भाषण नसते तरी चालले असते. पण एका आदिवासी मुलीला पारपत्र मिळावे म्हणून तिचा बाप ‘ही माझीच मुलगी’ याचा कागद मिळविण्यासाठी दारोदार फिरतो, तो प्रसंग पाहताना माझ्या शेजारी बसलेला माणूस ‘बरोबर आहे’ असे पुटपुटला. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी ज्याने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, त्याला या प्रसंगाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

एरव्ही मराठी पडद्यावर आमचा माणूस येतो तो हसविण्यासाठी. विदर्भातले पात्र म्हणजे वऱ्हाडी, आणि वऱ्हाडी म्हणजे विनोद, असे समीकरण ठरून गेले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडी बोली वऱ्हाडीहून निराळी आहे, हे तर फार थोड्यांच्या गावी असते. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’ने २०१८ साली वैदर्भी बोली एका आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी घातली. तिला कोणी हसले नाही, उलट त्या मुलाला, श्रीनिवास पोकळे याला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बोलीत विनोद नसतो. ती बोलणाऱ्याला लेखकाने दिलेल्या जागेत असतो.

आणि तरीही या प्रदेशात प्रेक्षक नाहीत, असे कोणी म्हणू नये. दिवाळी झाली की मंडईचे दिवस येतात, आणि वडसा येथील नाटकमंडळ्या गावोगाव मंडप ठोकू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तिचा मुलूख. झाडीपट्टीची ही रंगभूमी होळीपर्यंत रात्ररात्र चालते. तिचे एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असावे. येथे प्रेक्षक तिकीट काढतो, थंडीत पहाटेपर्यंत बसतो, आवडले नाही तर ओरडून सांगतो. या प्रेक्षकाला चित्रपट परवडत नाही असे नाही. चित्रपटाला हा प्रेक्षक नको आहे. बहुपडदा चित्रगृहाच्या अर्थशास्त्रात त्याच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही, आणि ज्याच्यासाठी खुर्ची नाही त्याच्यासाठी कथा तरी कोण लिहील?

कथा नाही म्हणावे, तर आमच्या दाराशीच ती उभी आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. ज्या चित्रपटाचा खर्च सुमारे पन्नासपट वाढला आणि ज्याचे मध्यंतर पस्तीस वर्षांनंतरही संपले नाही, त्याच्या निर्मात्यास कोणत्याही सावकाराने एव्हाना उभे केले नसते. या काळात गावे उठली, देवळे पाण्याखाली गेली, ढिवरांची नदी बदलली, मोबदल्याच्या पैशांनी भावाभावांत भिंती उभ्या केल्या; आणि दुसरीकडे कालव्याचे पाणी मिळून काही शेते हिरवीही झाली. या सगळ्यात नायक आहे, खलनायक आहे, आणि दोन्ही एकाच माणसात असलेलीही माणसे आहेत. कोकणातल्या खाणीच्या प्रश्नाभोवती फिरणारा ‘दशावतार’ २०२५ मध्ये चालला. तेव्हा जमीन जाण्याची गोष्ट प्रेक्षकांना नको असते, हे म्हणणे खरे नाही. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ला पर्यावरणविषयक सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ साली जाहीर झाला, चित्रगृहात तो आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. पुरस्कारापासून पडद्यापर्यंतचा कालवा पाच वर्षे लांबीचा होता.

गेल्या हिवाळ्यात एका पुनर्वसित गावी नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात चहा घेताना शेजारच्या खुर्चीवरील म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, “सर, आपल्या धरनावर कोनी पिच्चर काहाडला नाही का जी?” मी नाही म्हटले, आणि काहीतरी सांगावे म्हणून ‘पाणी’ची हकिकत सांगितली. नांदेड जिल्ह्यातले नागदरवाडी गाव, दुष्काळ, पाण्यासाठी झटणारा एक तरुण. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

“मंग शेवटी गावात पानी येते?”

“येते.”

“अन् गाव?”

“गाव राहते.”

“मंग तो आपला नोहे,” ते म्हणाले, आणि घंटा झाली तसे शाल सावरून पडद्याकडे वळले.