मी डोलकर: स्टुडिओत जन्मलेलं गाणं दर्याचं कसं झालं?

 

मागच्या भागात आपण फ्रेंच शांसोंबद्दल बोललो. थोडक्यात, शब्दांना पहिला मान देणारं गाणं. आपल्या भावगीताचं लांबचं भावंडं म्हणा. त्यातलं जाक ब्रेलचं 'आम्स्टरडाम' हे बंदरावरच्या खलाशांचं गाणं. गंमत म्हणजे ब्रेलने ते स्टुडिओत कधी रेकॉर्ड केलंच नाही. आपण ऐकतो ते १९६४ साली पॅरिसच्या ओलिंपिया थिएटरात लोकांसमोर गायलेलं.

आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर मात्र उलटा प्रकार. इथे हळदीला डीजेवर जे 'मी डोलकर' वाजतंच वाजतं, ते स्टुडिओतून आलंय. शब्द शांता शेळके, चाल हृदयनाथ मंगेशकर, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. 'वादळवारं सुटलं गो' आणि 'राजा सारंगा' हीसुद्धा याच शांताबाई-हृदयनाथ-लताबाईंची. आता बघा, शांताबाईंचा जन्म १९२२ चा, इंदापूरचा. तिथून समुद्र कुठे! आणि हेमंतकुमार तर बंगाली.

हे सगळं मी एका हळदीत मामाला ऐकवलं. मामा अर्नाळ्याचा, जन्मभर डोल लावलेला. दोन वर्षांपूर्वी त्याने बोट विकली. मी ऐटीत म्हणालो, "मामा, हे आपलं गाणंच नाय. स्टुडिओतलं आहे."

मामा म्हणाला, "तू ते अ‍ॅप लिवतोस ना? वापरतो कोण? मग ते कोणाचं?" आणि मग, "डोल म्हणजे काय ते तरी सांग बघू."

मला सांगता आलं नाही. बीटेक झालो, पण मामाचा धंदा मला माहीत नव्हता.

तर ऐका. डोल हे पिशवीसारखं लांबलचक जाळं. तोंड मोठं, शेपटाकडे निमुळतं होत जाणारं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. जाळं जागेवरच राहतं. भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा आत आणून टाकतं. प्रवाह फिरायच्या आत जाळं उचलायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ओढ कमी. म्हणजे डोलकर मासळीच्या मागे धावत नाही, तो पाण्याची वेळ गाठतो. चुकली की मेहनत फुकट.

हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून. हेमंतकुमारांचा तो खर्जातला, घाई नसलेला आवाज एकदम पटला. आणि शांताबाईंचे कान किती तयार होते तेही कळलं. बाईला हाक मारतानाचा 'गो' त्यांनी नेमका उचलला. वसईत कोळी, वाडवळी, सामवेदी अशा कितीतरी बोली आहेत. गाण्यातली भाषा यातल्या कुठल्याच घरातली तंतोतंत नाही. पण महाराष्ट्रभर समजेल आणि कोळ्याला परकी वाटणार नाही, इतपत ती बरोबर जमलीय.

म्हणून 'लोकगीत की स्टुडिओतलं?' हा माझा प्रश्नच अर्धवट होता. लिहिणारे वेगळे, वागवणारे वेगळे. आपल्याकडे किती हळदींत, किती गॅदरिंगमध्ये ते नाचून नाचून आपलं झालंय.

तरी एक गोष्ट मनात राहतेच. गाण्यातला डोलकर दर्याचा राजा आहे. त्याला डिझेलचा हिशोब नाही, कर्ज नाही. त्या हळदीत पोरं या गाण्यावर नाचत होती आणि मामा खुर्चीत बसून होता. मी विचारलं, "नाचत नाहीस?" तो म्हणाला, "आज चतुर्थी. उधाण उतरत आलं."

मी मोबाईलवर तिथी बघितली. बरोबर होती.