सूर्यफूल आले आणि गेले

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, खरिपात आज सोयाबीनचीच चलती आहे. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला मात्र याच शिवारांत उभी असलेली सूर्यफुले आठवतात.

हे पीक मूळचे परदेशी. ‘हेलियान्थस’ ही उत्तर अमेरिकेतल्या रानटी पिवळ्या फुलांची प्रजाती. तिच्या सुमारे ५० जाती आहेत. त्यांतल्या एकीचे बी रशियात गेले, तिथल्या पैदासकारांनी त्यातले तेल वाढवले आणि १९६९मध्ये रशियन वाण भारतात आले. पण दाणे पोचे राहत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेक्लर्क या पैदासकाराने ‘पेटिओलॅरिस’ या रानजातीशी संकर करून नरवंध्य (परागकण न देणारी) झाडे मिळवली आणि संकरित बियाण्याची वाट मोकळी झाली. बंगळुरूचा ‘बीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित वाण १९८०चा. पुढे १९८६मध्ये तेलबिया अभियान आले. खरीप, रब्बी, उन्हाळी कुठल्याही हंगामात चालणारे, तीन-सव्वातीन महिन्यांत निघणारे पीक म्हणून सूर्यफूल पसरले. १९९३-९४च्या सुमारास देशात ते २५ लाख हेक्टरांवर होते.

पीक सोपे, पण लाडावलेले. फूल कडेकडून आत उमलत जाते आणि मधमाश्या कमी असतील तर मधले दाणे भरत नाहीत. म्हणून सकाळी सात ते अकराच्या दरम्यान तळहाताला तलम कापड गुंडाळून प्रत्येक फुलावरून हलकेच हात फिरवायचा, एकाआड एक दिवस. दाणा भरला की पोपटांचे थवे हजर! मग दिवसभर डबे वाजवत, गोफण फिरवत राखण.

आणि मग उतरण लागली. १९९४पासून खाद्यतेलाची आयात टप्प्याटप्प्याने खुली झाली, भाव बसले. १९९७मध्ये कर्नाटकात दिसलेला नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग महाराष्ट्रातही पोचला. तोवर विदर्भात सोयाबीनने पाय रोवले होते. त्याला ना फुलावरून हात फिरवावा लागतो, ना पोपट हाकलावे लागतात. आज देशातले सूर्यफुलाचे क्षेत्र चार लाख हेक्टरांच्या आत आले आहे.

२०२२मध्ये आपल्याला सूर्यफूल तेल पुरवणाऱ्या युक्रेनमध्ये युद्ध पेटले, या तेलाचे भाव भडकले, तेव्हा या पिकाची पुन्हा आठवण झाली. २०२४-२५साठी सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७,२८० रुपये, सोयाबीनचा ४,८९२ होता. कागदावर हा फरक मोठा होता; पण जवळपास खरेदीच नसेल तर हमीभावाला अर्थ उरत नाही.

तरीही लावायचेच असेल, तर एकट्याने एकरभर लावू नये. सगळे पोपट तिथेच उतरतात. शिवारातल्या आठ-दहा जणांनी एकाच आठवड्यात पेरणी करावी, बांधावर मधपेट्या ठेवाव्यात आणि पेरण्याआधीच व्यापाऱ्याशी बोलून घ्यावे.