गाडीचा ताप आणि बॉनेटवरचा झरोका

मे महिन्याची दुपार. कसारा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. आतून वाफ येत असते, घरची मंडळी सावली शोधत असतात आणि चालक हातात ओले फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणावर वाकलेला असतो. तो ते झाकण फिरवतो की हात मागे घेतो, यावर त्याचा चेहरा, हात आणि कधीकधी दृष्टीही अवलंबून असते.

अशा प्रसंगानंतर कुणीतरी सल्ला देतो, ‘बॉनेटला व्हेंट बसवून घ्या.’ म्हणजे बॉनेटचा पत्रा कापून त्यात गरम हवा बाहेर सोडणारी जाळी बसवायची. रॅलीच्या आणि शर्यतीच्या गाड्यांवर असे झरोके असतात आणि ते दिसतातही रुबाबदार. मात्र हा उपाय काय करतो, काय करत नाही आणि तो करताना माणसाच्या शरीराला कुठे धोका असतो, हे पत्र्याला ग्राइंडर लावण्याआधी समजून घ्यायला हवे.

उष्णता जाते कुठे?

पेट्रोल इंजिन इंधनातील साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच गाडी पुढे नेण्यासाठी वापरू शकते. उरलेल्या ऊर्जेची बहुतांशी उष्णताच होते. तिचा एक मोठा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो, दुसरा कूलंटमार्फत रेडिएटरकडे येतो. आपल्या शरीराची व्यवस्थाही काहीशी अशीच आहे. स्नायूंत आणि अवयवांत तयार झालेली उष्णता रक्त त्वचेपर्यंत आणते, तिथे घाम वाळतो आणि शरीर थंड होते. दमट, कोंदट हवेत घाम वाळत नाही. मग त्वचेकडे कितीही रक्त धावले तरी शरीर तापत जाते. रेडिएटरलाही खेळती हवा लागते.

चालत्या गाडीत हवा समोरच्या जाळीतून शिरते, रेडिएटरमधून जाते आणि इंजिनाभोवतीच्या जागेतून बहुतांशी खालच्या बाजूने बाहेर पडते. ही जागा दाटीवाटीची असेल तर आत हवेचा दाब वाढतो आणि रेडिएटरमधून जाणारा प्रवाह मंदावतो. झरोका या हवेला दुसरी वाट देतो.

पण हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडेच वाहते. बॉनेटच्या पुढच्या भागात, जिथे पत्र्याला गोलाई असते, तिथे हवा वेगाने जाते आणि दाब कमी असतो. रेडिएटरच्या थोडे मागे येणारी ही जागा झरोक्यासाठी योग्य. उलट समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि दाब वाढतो. तिथे झरोका ठेवला तर गरम हवा नीट बाहेर पडत नाही, कधी बाहेरचीच हवा आत ढकलली जाते. प्रत्येक गाडीचा आकार वेगळा असल्याने जाणकार लोक कापण्याआधी बॉनेटच्या वरच्या आणि आतल्या दाबातील फरक मोजतात. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळीही पुरते. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राचे तत्त्व हेच.

काचेजवळचा झरोका आणि डोकेदुखी

काचेच्या पायथ्याशी झरोका नको, याला आरोग्याचेही कारण आहे. बहुतेक गाड्यांमध्ये प्रवाशांसाठी बाहेरची हवा आत घेण्याची वाट तिथेच असते. इंजिनाजवळ धुराच्या पाइपाला किंवा गॅस्केटला गळती असेल, तर झरोक्यातून निघालेला धूर त्या वाटेने गाडीत येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, सुस्ती ही त्याची सुरुवातीची लक्षणे. घाटात ती ‘गाडी लागली’ किंवा ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जातात. गाडीतील अनेकांना एकाच वेळी असा त्रास झाला आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर धुराचा संशय घ्यावा. गाडी थांबवून सर्वांना बाहेर काढावे आणि रुग्णालय गाठावे. गळती दुरुस्त होईपर्यंत ती गाडी वापरू नये.

ताप हे लक्षण आहे

ताप आलेल्या माणसाला फक्त पंख्याखाली बसवून मलेरिया बरा होत नाही. रोजच्या वापराची गाडी तापते तेव्हा कारण बहुधा साधे असते. कूलंट कमी झालेले असते, नळी गळत असते, पंखा फिरत नसतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, वॉटर पंप निकामी झालेला असतो किंवा रेडिएटरच्या बारीक पात्यांत चिखल आणि किडे भरलेले असतात. यातील एकही दोष झरोक्याने बरा होत नाही. उलट तो काही दिवस झाकला जातो आणि मग भर घाटात उघड होतो.

झरोक्यातून पावसाचे पाणी आत जाते, त्यामुळे खाली पाणी वाहून नेणारा पन्हाळीसारखा ट्रे हवा. बॉनेटच्या आतल्या आधारपट्ट्या कापल्या तर त्याची ताकद जाते. पादचाऱ्याला धडक बसली तर डोक्याला कमी इजा व्हावी, या दृष्टीनेही आजच्या अनेक गाड्यांचे बॉनेट घडवलेले असते. वर आलेल्या धारदार कडा तो हेतू बिघडवतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी.

कापताना जपायचा तो डोळा

सर्व पाहून झरोका बसवायचेच ठरले, तर बॉनेट गाडीवरून उतरवून, इंजिन आणि इंधनापासून लांब नेऊन कापावे. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. त्यातला एखादा पारपटलात, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात रुततो आणि एखाद्या दिवसात त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होऊ लागते. डोळ्यात काहीतरी टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. अशा वेळी सोबतचा माणूस रुमालाच्या टोकाने किंवा काडीने ‘कचरा’ काढायला जातो. त्यातून जखम वाढते, जंतुसंसर्ग होतो आणि पांढरा डाग कायमचा राहू शकतो. डोळा चोळू नये आणि त्याच दिवशी नेत्रविभागात दाखवावा. डोळा बधिर करणारे थेंब स्वतःहून वापरत राहणे तर फारच घातक. साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनीही बंद असलेला संरक्षक गॉगल लागतो. तो कापणाऱ्याबरोबरच पत्रा धरणाऱ्या पोरालाही हवा.

आणि ते झाकण

बंद रेडिएटरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब उतरतो, त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी घेऊन तोंडावर उसळतो. ६० अंशांचे पाणीदेखील सुमारे पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. इथे पाणी त्याहून कितीतरी तापलेले असते आणि ओले फडके त्याला अडवत नाही.

काटा लाल रेषेकडे सरकू लागला की एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता खेचली जाते. सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. त्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो.

भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे साधे, वाहते पाणी सोडावे. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालयात जावे. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर पाणी सोडत असतानाच कुणीतरी १०८ ला फोन करावा. घाटात निघताना गाडीत पिण्याच्या पाण्याखेरीज आणखी पाच लिटर पाणी ठेवावे. ते गाडीच्या उपयोगी पडते आणि वेळ आलीच तर माणसाच्याही.